पहिल्या धुण्यात घटलेलं वजन

बायकोची इंजेक्शनं डॉक्टरांनी बंद केली नव्हती, मी केली. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मेंदूतल्या नसांचं आवरण झिजवणारा आजार. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर इंजेक्शन मीच टोचायचो. दर सुईनंतर ती तापानं फणफणायची आणि राग माझ्यावर काढायची. "सुई धरली की तुमच्या अंगात येतं," म्हणायची. वर्षभरानं पुन्हा एमआरआय झाला. रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. मेंदूचं आकारमान औषधाआधीपेक्षा कमी झालं होतं. डॉक्टरांना न भेटताच घरी आलो नि म्हणालो, "डॉक्टर म्हणाले, थांबवा आता." त्या संध्याकाळी ती कितीतरी दिवसांनी माझ्याशी नीट बोलली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा उजवा पाय लुळा पडला. तिला एमआरआयला आत नेल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "इंजेक्शनं का बंद केली?"

"तीच कंटाळली," मी म्हणालो. "आणि साहेब, औषधानं मेंदू आकसत होता की."

ते म्हणाले, "औषधानं आधी मेंदूची सूज उतरते, म्हणून सुरुवातीला तो लहान दिसतो. खरी झीज वेगळी. ती औषधानं मंदावते. विचारायचं तरी होतं. आता झिजलंय ते भरून येणार नाही."

मी चिंचोळीच्या कारखान्यात टॉवेल तपासतो. पहिल्या धुण्यात टॉवेलचं वजन घटलं म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं, की मीच त्याला सांगतो, "खळ गेली, सूत आहे तेवढंच आहे." वर त्याच्या अडाणीपणाला हसतोही.

आता डॉक्टर नवं औषध सुरू करा म्हणतात. ती त्यांच्याकडे बघून तोंड फिरवते, एक शब्द बोलत नाही. मला ते सोयीचं पडतं. घरी आल्यावर मात्र तोंड सुटतं.

"त्यानंच बंद केलं, पाय घालवला, आता चालू करा म्हणतोय. मीच गावले व्हय त्याला? आणि तुमी नंदीबैल. तो म्हणेल तशी मान हलवा."

मी तेव्हाही मान हलवतो. ती डॉक्टरांना शिव्या घालते, मी ऐकून घेतो, आणि औषध तसंच अडून राहतं.

बंद मी केलं, हे तिला तिच्यासमोर बसून सांगणं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.