चीफची खुर्ची

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. "हे झोपेतच गेले रे," एवढंच म्हणाल्या. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? अरे देवा, अजून खुनी सापडायचाय!

हसा खुशाल. माधव साळवी म्हणजे आमचा चीफ. उभा जन्म जहाजांच्या इंजिनांत काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी दुपारी सिनेमाचा दरबार भरवायचा. सिनेमा एकाच जातीचा: इंग्लंडातला जुना अवाढव्य बंगला, घरभर पाहुणे, त्याहून जास्त नोकर, आणि जेवणं आटोपली की कुणीतरी गालिच्यावर आडवा. मध्यावर सिनेमा थांबवायचा आणि प्रत्येकाने खुनी सांगायचा. ज्याचा अंदाज खरा, त्याला पुढच्या सिनेमापर्यंत पंख्याखालची वेताची आरामखुर्ची. घर चीफचं, खुर्ची चीफची, पण स्वारी कायम प्लास्टिकच्या स्टुलावर! कारण त्याचा संशय ठरलेला, बंगल्याच्या मालकावर. "जहाजावर काहीही बिघडू दे, मूळ कॅप्टनच असतो," हा त्याचा सिद्धांत. नात इरा अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणायची, "आजोबा ऑलवेज राँग, लाह!" आणि तो खो-खो हसत चहासाठी आलं ठेचायला उठायचा.

शेवटच्या शनिवारी मात्र गड्याने चक्क पलटी मारली. बोट दाखवलं ते सगळ्यांना पुडिंग वाढणाऱ्या प्रेमळ आत्याबाईंवर. आम्ही हसून लोळलो.

"अहो, ती बिचारी कशाला कुणाला मारेल?" वहिनी म्हणाल्या.

"बिचारी कसली! सगळ्यांना आग्रह करतेय आणि स्वतः घास घेत नाही. आमच्या जहाजावरचा भंडारी असा वागला असता, तर मी जेवणाला हातही लावला नसता."

मग जांभई देऊन म्हणाला, "आज दमलोय. उरलेला पुढच्या शनिवारी. खुनी कुठे पळून जातोय?"

खुनी नाही पळाला... हाच गेला.

नंतर कितीतरी दिवस वहिनी टीव्हीला हात लावू देईनात. एकदा मी विषय काढला, तर म्हणाल्या, "राहू दे ना... अर्धा आहे तोवर हे हरले तरी नाहीत." फार आठवण येते त्याची, खोटं कशाला बोलू?

परवा त्यांनीच बोलावलं. "लाव एकदाचा. हरले तर हरले, सवय आहे त्यांना." सिनेमा सुरू झाला. वहिनींनी इराचा हात घट्ट धरून ठेवला होता. आणि शेवटी... आत्याबाईच! विषही पुडिंगमध्येच! इरा किंचाळली, "आजोबा!" वहिनी टाळ्या पिटत हसल्या, हसता हसता रडल्या, आणि पुन्हा हसल्या. "बघा, जिंकायचा मुहूर्त कधीचा काढला!"

आधीची विजेती इरा होती. ती सवयीने खुर्चीकडे निघाली आणि थबकली. वहिनींनी पुढे होऊन खुर्चीवरची उशी झटकली, नीट लावली. "पुढच्या सिनेमापर्यंत ह्यांची," म्हणाल्या.

"मग पुढच्या शनिवारी कुठला लावू?" मी विचारलं.

"घाई काय आहे?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्चीवरचा पंखा चालू केला.