लाल निशाण आणि मावशीचं घर

भोंग्याची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा तो अर्ध्या मैलावर होता. त्याने तिकडून "बाजूला व्हाऽऽ!" म्हटलं आणि इकडे खाणीच्या ऑफिसात माझा चहा शर्टावर आला, टेबलाखालचं कुत्रं परागंदा झालं आणि बडे साहेब दचकून चक्क मला "सॉरी" म्हणाले. सुरुंगाआधी वस्ती रिकामी करायचं काम असल्या गळ्याला नाही, तर कुणाला मिळणार?

त्याची रीत ठरलेली. लाल निशाण उंच धरून दारोदार हाक मारायची. आतलं माणूस बाहेर पडलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचं दार नाही. शेवटी टेकाडावर जाऊन निशाण खाली करायचं, की सुरुंगवाला बटण दाबणार.

खाण फुगत फुगत वस्तीला भिडली. एकेक घर उठलं. उरली भोंग्याची मावशी. त्या सकाळी परदेशी भागीदार कानात कापूस घालून मांडवात बसले होते. त्यांना नव्या पट्ट्यातला पहिला स्फोट दाखवायचा होता. एक वायरलेस माझ्या हातात, दुसरा मावशीच्या दारात उभ्या भोंग्याकडे.

"टेकाडावर जा, निशाण खाली कर," साहेब म्हणाले.

"मावशी आत आहे."

"ते घर रिकामं आहे. नकाशात बघ!"

"नकाशातलं असेल, साहेब. इथे चुलीवर काहीतरी करपतंय."

वायरलेसवर त्याच्या मागून मावशीचा आवाज आला, "शेजारीण पाण्याला गेली, परत आली तर घर भुईसपाट! मी नाही हलायची."

"मावशी, ऊठ गं! पाया पडतो."

"मेल्या, मग पड की! ओरडतोस कशाला?"

साहेबांचा चेहरा वांग्यासारखा झाला. त्यांनी वायरलेस हिसकावून घेतला आणि थेट सुरुंगवाल्याला सांगितलं, "निशाणाची वाट बघू नकोस. दाब!"

मांडवात कुणीतरी खोकलं.  मी दुर्बिणीतून बघितलं, तर भोंग्या निशाण मांडीत उभं धरून मावशीच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसला होता.

"दाब म्हणतो ना!"

वायरलेस खरखरला. मग सुरुंगवाला म्हणाला, "साहेब, निशाण वर आहे. बटणाची चावी काढून घेतलीय मी."

पाहुण्यांना तांत्रिक बिघाड सांगितला. ते जेवले आणि विमानतळाकडे गेले.

पुढच्या आठवड्यात मावशी दवाखान्यात गेली असताना कंपनीने घर पाडलं. भोंग्याची बदली फाटकावर झाली.