रडत्या माणसाची सही

वकिलाच्या ऑफिसातले कागद जुने झाले की रद्दीत घालता येतात, किस्से मात्र काही केल्या कमी होत नाहीत. दोन कारकून चहाला बसले की एक तरी नवा निघतोच. आमच्या लाइनीतल्या किश्श्यांचा एक प्रॉब्लेम आहे. आधी हसू येतं, आणि मग हसल्याचं वाईट वाटतं. म्हणून आधीच सांगून ठेवते.

परवा माझी भाची प्राजू एक माहितीपत्रक घेऊन आली. पॅरालीगलचा कोर्स! पदवी हवी, इंग्रजी हवं, कम्प्युटर हवा.

"मावशी, तू कुठला कोर्स केलेलास गं?"

"कल्याण कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहायचा! पंधरा वर्षं झाली, अजून रिझल्ट लागायचाय."

* * *

मी डोंबिवलीची. बी.कॉम. झालेली, टायपिंगचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कल्याणला वकीलसाहेबांकडे गेलेले. साहेब कोर्टात होते. समोर त्यांचे जुने कारकून, नाना. एक बाई कारकून व्हायला आलीय हे त्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. सर्टिफिकेटाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"रडणाऱ्या माणसाची सही घेता येते का?"

"प्रयत्न करीन."

"प्रयत्न वकील करतात. कारकुनानं सही घ्यायची!"

परीक्षा बाकावरच बसलेली होती. शीळफाट्याजवळच्या गावातली एक म्हातारी, ठकूबाई, तोंडाला पदर लावून रडत होती. दिराने सामाईक जमीन तिला न विचारता बिल्डरला विकलेली, आणि तिचं घर त्याच जमिनीवर. नवरा, मुलगा दोघेही गेलेले. घरात ती आणि सून, बस्स. नानांनी वकीलपत्र माझ्या हातात दिलं. मी तिच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि अंगठा शाईला लावला.

"पोरी, घर ऱ्हावाचा ना माजा?"

"हो आजी, राहणार."

नाना मागून ओरडले, "हो म्हणायचं नाही! 'बघू' म्हणायचं!"

अंगठा मिळाला होता, म्हणून नोकरी लागली. 'बघू' म्हणायला मात्र पुढे बरीच वर्षं लागली.

* * *

साहेबांनी ठकूबाईला स्टे मिळवून दिला. घराला कोणी हात लावायचा नाही. पण कधीपर्यंत? पुढच्या तारखेपर्यंत! हे लोकांना सांगूनही कळत नाही. दर तारखेला स्टे वाढवून घ्यायचा, एक तारीख हुकली की घर उघड्यावर.

मग दिराला समन्स बजावायला कोर्टाचा बेलीफ निघाला. घर दाखवायला आमच्या बाजूचं कोणीतरी लागतं. नाना मला म्हणाले, "जा, तुझं खरं कॉलेज तिकडेच आहे."

दीर घरात असून दार उघडेना. बेलीफने खळ लावून समन्स दारावर डकवलं आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्या. मग आम्ही पलीकडे ठकूबाईच्या ओट्यावर कोरा चहा प्यायला बसलो. तेवढ्यात एका शेळीने खळीसकट समन्स खाल्लं!

"अहो, पुन्हा डकवा ना," मी म्हटलं.

"ताई, पंचांच्या सह्या झाल्या. बजावणी पूर्ण!"

ठकूबाई शेळीकडे बघत राहिली. "मंग आता कोर्टान कोनी जावाचा? दिरानी का शेलीनी?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पुढे दिराने कोर्टात सांगितलं, मला समन्स मिळालंच नाही. त्या एका वाक्यावर आमचं वर्षभर गेलं. शेळीची साक्ष काढता येत नव्हती.

* * *

आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बातमी म्हणजे पार्टी जाणं. माणूस गेला की केस जागच्या जागी थांबते. वारस लावा, दाखला जोडा, नव्याने सह्या घ्या. मधल्या काळात स्टेचा काही भरवसा नाही. म्हणून नाना तिसऱ्याच दिवशी दुखवट्याला जायचे. बगलेत कोरं वकीलपत्र!

एकदा मलाही नेलं. डोंबिवलीतलेच एक मास्तर, भाडेकरूशी कोर्टात भांडता भांडता गेले. नाना सतरंजीवर बसले, चष्मा पुसला, "फार वाईट झालं" म्हणाले. मग घसा खाकरला. पुन्हा चष्मा पुसला. एरवी जजसमोर न अडखळणारा माणूस, पण बगलेतला कागद काही बाहेर काढेना.

शेवटी मास्तरांच्या पत्नीच म्हणाल्या, "नाना, तुम्ही याल म्हणून हे सांगून गेलेत. पेन उशाशी काढून ठेवलंय."

नाना जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "क्लायंट असावा तर असा!"

मला त्यांचा इतका राग आला की स्टेशनपर्यंत मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालले. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

* * *

शिक्क्याचा किस्सा तर मी अजून साहेबांसमोर सांगत नाही.

आमच्या जजची बदली झाली. कोर्ट रिकामं, आणि ठकूबाईचा स्टे नेमका त्याच दिवशी संपत होता. बिल्डरला ही बातमी आमच्याआधी! सकाळीच तिच्या दारासमोर ट्रक, पहारी, दहा-बारा माणसं. नानांनी पळापळ करून दुसऱ्या कोर्टातून स्टे वाढवून घेतला आणि मी ऑर्डर घेऊन रिक्षाने शीळफाट्याकडे सुटले.

ठकूबाई उंबऱ्यावर आडवी पडलेली. मी मुकादमाच्या हातात कागद दिला. त्याने तो उलटा धरला.

"बाई, आपल्याला वाचता येत नाय. गोल शिक्का किधर है?"

शिक्का होता. घाईत मारलेला, अर्धाच उठलेला. मुकादमाने तो बराच वेळ न्याहाळला.

"शिक्का आधा है. तर मग घर पन आधा तोडतो!"

त्याची माणसं खो खो हसली. मला वाटलं, चेष्टा करतोय. पडवी पाडूनच गेले ते. ठकूबाईने नंतर एकेक कौल वेचून भिंतीशी रचून ठेवलं.

मी ऑफिसात येऊन रडले. नानांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "कोर्टाच्या अवमानाचा अर्ज टाईप करायचाय. डोळे पूस, नाहीतर कार्बन ओला होईल."

* * *

आणि हा शेवटचा.

बऱ्याच वर्षांनी एकदाची ती तारीख आली. त्या दिवशी ठकूबाईचा स्टे निकाल लागेपर्यंत कायम व्हायचा होता. झाला तर दर तारखेचा जीवघेणा खेळ संपणार, नाही झाला तर दुसऱ्या दिवशी ट्रक दारात. एरवी सासूने कोर्टात यायचं आणि सुनेने घर राखत बसायचं, अशी त्यांची वाटणी. त्या दिवशी सून आली. कमळ तिचं नाव.

"म्हातारी कुठाय गं?" नानांनी विचारलं.

"घरा हाय. निजलेय."

"आजारी होती ना? आता बरी आहे?"

"आता काय तरास नाय तिला."

नानांनी तिला चहा मागवला. तिने घेतला नाही. पाणी दिलं, तेही नको म्हणाली. सकाळपासून बाकावर ताठ बसलेली, नजर कोर्टाच्या दाराकडे. नानांनी एकदा तिच्याकडे नीट बघितलं. आणखी काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. थंड झालेला चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

केसचा पुकारा झाला तेव्हा दुपार कलली होती. बिल्डरचे वकील खूप बोलले. साहेब थोडंच बोलले. जजनी मान खाली घालून लिहिलं आणि वाचून दाखवलं. स्टे कायम!

मी धावत बाहेर आले. "कमळ, झालं गं! आता निकाल लागेपर्यंत घराला कोणी हात लावू शकत नाही."

"नक्की ना, ताई?"

"अगदी नक्की. जजनी सही केली, मी डोळ्यांनी बघितली."

ती उठली. पदर नीट केला.

"मंग जातंय मी. म्हातारी पहाटंच गेली. बोल्लेली, तारीख झाल्याबिगर मना उचलाचा नाय. सगली अंगनान खोलंबल्यात."