वाळवंटातला एकुलता एक पाम

२०१४च्या जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या सुट्टीत आम्ही ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टनहून गाडीने दूर दक्षिणेला पोरिरुआला, माझ्या धाकट्या भावाकडे निघालो. नऊ वर्षांची मुलगी मागच्या सीटवर वही उघडून बसली होती. वहीत मी पट्टीने दोन रकाने आखून दिले होते: रानातले पाम आणि लावलेले पाम. तिने वर्गात सांगून ठेवलं होतं की आम्ही वाळवंटातून जाणार आहोत आणि ती तिथले पाम मोजून आणणार आहे. शाळा उघडली की सगळ्यांसमोर आकडा सांगायचा होता.

हे तिच्या डोक्यात मीच भरवलं होतं. नकाशावर टाउपो तळ्याच्या खाली 'डेझर्ट रोड' लिहिलेलं होतं, आणि वाळवंट म्हटलं की मला लहानपणीचं खजुराच्या पाकिटावरचं चित्र आठवतं: वाळू, उंट आणि दोन झाडं. टायरमधली हवा दोनदा बघणारा मी, पण एवढी एक गोष्ट तपासली नव्हती.

मोजायचे नियम माझे. माझ्यापेक्षा बुटकं झाड धरायचं नाही, नीट दिसलं नाही तर तेही नाही. ऑकलंड संपेपर्यंत लावलेले एकेचाळीस झाले. पुढे एका घळीत तीन निकाऊ दिसले. निकाऊ हा इथल्या रानातला मूळचा पाम, म्हणून ते पहिल्या रकान्यात गेले. मुलगी खुशीत होती.

डेझर्ट रोडच्या तोंडाशी पाटी होती की बर्फ पडल्यास रस्ता बंद होतो.

"तुझ्या उंटाला स्वेटर घेतलास ना?" बायकोने विचारलं.

मी गाडी पुढे काढली. दोन्ही बाजूंना गुडघाभर पिवळं गवत, विजेचे मनोरे, उजवीकडे पांढरा डोंगर. वीस किलोमीटर झाले तरी वहीत नवी रेघ नाही.

"बाबा, देअर आर नो पाम्स."

"अजून अर्धा रस्ता आहे."

"यू सेड हीप्स."

"ढीगभर असं नव्हतो म्हणालो."

"म्हणाला होतास," बायको म्हणाली.

"आय टोल्ड एव्हरीवन," मुलगी हळूच म्हणाली आणि वही मिटली.

रस्ता संपता संपता वायोरूला एका कॅफेपाशी थांबलो. दारात एक उंच झाड होतं, शेंड्यावर पानांचा झुपका.

"घे, लिही एक," बायको म्हणाली.

"तो कॅबेज ट्री आहे. दिसतो तसा, पण पाम नाही."

"वर्गात कोणाला कळणार आहे?"

"टीचर याच देशातली आहे. तिला सगळ्यात आधी कळेल."

"दॅट्स चीटिंग, आई," मुलगी म्हणाली. तेवढ्याने मला जरा बरं वाटलं.

आत हीटरशेजारी, खिडकीच्या कोपऱ्यात कुंडीत पाम होता. मुलीला तो माझ्याआधी दिसला. मी पान चिमटीत धरून बघितलं, मातीत बोट घातलं. ओली होती. तरी काउंटरवरच्या बाईंना विचारलंच.

"खरा आहे," त्या म्हणाल्या. "माझी आई दर रविवारी पाणी घालते. बाहेर ठेवला तर आठवडाभरात मरेल."

"पण ही जागा वाळवंटात धरायची का?"

"इथे एक हिवाळा काढा, मग मला विचारा."

राहिला उंचीचा नियम. मी पामकडे पाठ करून ताठ उभा राहिलो. मुलगी खुर्चीवर चढली आणि माझ्या डोक्यावर तळहात आडवा धरून बघू लागली. पलीकडच्या टेबलावरचे दोन ट्रक ड्रायव्हर खाणं थांबवून बघत होते.

"टू फिंगर्स टॉलर. विथ द पॉट."

"कुंडी धरायची का?" मी विचारात पडलो.

"तू बूट घालून उभा आहेस," बायको म्हणाली.

हा मुद्दा बिनतोड होता. मुलीने वही उघडली.

पुढे समुद्रकाठाने पोरिरुआला पोचेपर्यंत आणखी सतरा निकाऊ मिळाले, पण तिला त्यांचं विशेष वाटलं नाही. शाळा उघडल्यावर तिने वहीतलं ते पान फळ्यावर लावलं. घरी आलं तेव्हा त्यावर टीचरची खूण होती. वाळवंट: रानातले शून्य, लावलेला एक, कुंडीसकट. खाली तिने आपल्या मनाने इंग्रजीत एक ओळ जोडली होती: वाळवंटाबद्दल बाबा चुकले, पण पाम त्यांनी नीट तपासला.