मी न घेतलेलं नाव

मागच्या महिन्यात मी या ग्रुपवर एक ऑडिओ क्लिप टाकली होती. जत्रेतली अनाउन्समेंट होती, अर्ध्या मिनिटाची. "शेवटी काय ऐकू येतं ते हेडफोन लावून सांगा," एवढंच वर लिहिलं होतं. आलेल्या सगळ्या कमेंट मी वाचल्या. "काका, काहीच नाही." "पाण्यात गुळण्या केल्यासारखं वाजतंय नुसतं." एकाने तर हसणाऱ्या तोंडांची रांगच लावली होती...

चूक तुमची नाही. त्या क्लिपमध्ये खरंच काही उरलं नव्हतं.

माझी पुतणी मधुरा पुण्यात साउंड एडिटिंगचं काम करते. तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "काका, तुमचा ग्रुप ज्या वेबसाइटवर आहे ती फाइल दाबून लहान करते. मोठ्या आवाजामागचा बारीक आवाज माणसाला तसाही कळत नाही असं धरून तो काढून टाकते. इकोची शेपटी म्हणजे नेमका तोच बारीक आवाज. सगळ्यात आधी तीच जाते, आणि तिच्या जागी हे गुळण्यांसारखं काहीतरी उरतं." म्हणजे मला जे तुम्हाला ऐकवायचं होतं तेवढंच गाळून बाकीचं सगळं तुमच्यापर्यंत पोहोचलं.

म्हणून आता लिहूनच सांगतो. आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. तिठ्यावर उतरून टाकलेलं लिंबू पायाने बाजूला सारून जाणारा मी माणूस. आणि हे लिहिताना मला भीती वाटत नाही... लाज वाटते. कसली, ते शेवटी कळेल.

आमचं गाव सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यावरून आत. नाव सांगत नाही, कारण ज्या बाईबद्दल लिहितोय तिचे नातेवाईक अजून तिथेच आहेत. तिचं नाव मात्र लिहावंच लागेल, त्याशिवाय गोष्टच होत नाही. नाव लिहायची तिची परवानगी घेतली आहे, नेमकं काय लिहिणार ते मात्र तिला सांगितलेलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा भिजत पडला होता. नाव बदलणार की नाही यावर आमच्या पारावर रोज तोंडं वाजायची, कुठे बंद झाला की एसटी फाट्यावरूनच माघारी वळायची. मी बीए होऊन घरी बसलो होतो. नोकरी नव्हती, पण आवाज होता. शाळेत असल्यापासून झेंडावंदन, गणपती, लग्न... माईक माझ्याच हातात. मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या जत्रेतही तो माझ्याकडेच असायचा. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचा केवढा अभिमान! आम्ही साधे कास्तकार, चार एकरांचे. पण जत्रेत भोंग्यातून माझा आवाज आला की दादा शेजारच्याला हळूच कोपर मारायचे — "आमचा पंडित हाय."

त्या वर्षी सेलूचे साउंडवाले रहीमभाई नवीन इको मशीन घेऊन आले. मशीनमध्ये कॅसेटच्या फितीचा एक छोटा गोल फिरत असे. तुम्ही बोललात की ते फितीवर उतरायचं आणि फीत जरा पुढे सरकली की तेच परत वाजायचं, मग पुन्हा, दर वेळी आणखी बारीक. "यावे" म्हटलं की "यावे... वे... वे..." असं शिवारभर घुमत जायचं. पोरं मंडपाभोवती जमून हसत होती. रहीमभाई म्हणाले, "पंडितभाऊ, आता बघा, आकाशवाणी झाल्यावानी वाटायलंय!" मला तर आभाळाला हात लागल्यासारखं झालं होतं.

दुपार होती. लख्ख ऊन. कुस्त्यांसाठी फड उकरून ठेवला होता, लोक गोळा होत होते. पालमकडून आलेली एक बाई रडत मंडपात आली. तिची म्हातारी आई गर्दीत चुकली होती, आईचं नाव सोनाबाई. मी माईक घेतला.

"पालमहून आलेल्या सोनाबाई... सोनाबाई... आपण जिथे असाल तिथून मंडपापाशी यावे. आपली मुलगी आपली वाट पाहत आहे."

आणि माईकचं बटण बंद केलं. अंगठा बटणावर होता, हे मला पक्कं आठवतं. भोंग्यातून शेवटचा "आहे... हे..." यायला हवा होता. त्याऐवजी आलं —

"कुशावर्ता... माघारी ये... ये... ये..."

माझाच आवाज. शंकाच नको. पण मी आयुष्यात कधी माईकवर कुणाला "ये" म्हटलेलं नाही, "यावे"च म्हणायचो. मी रहीमभाईंकडे बघितलं, ते मशीनकडे बघत होते.

कुशावर्ता ही गावातल्या आबांची मुलगी. आबा म्हणजे गावातलं मोठं घर, भरपूर जमीन, शब्दाला वजन. ती शाळेत माझ्या दोन वर्षं मागे होती. लग्न होऊन पालमकडच्या एका खेड्यात गेली होती आणि तिथेच नांदतेय असं अख्ख्या गावाला वाटत होतं. मलाही. खरं काय होतं ते पुढच्या घटकाभरात सगळ्यांना कळलं. नवरा मारतो म्हणून आठवडाभर आधी ती एकटीच एसटीने माहेरी निघून आली होती. घरच्यांनी तिला आतल्या खोलीत ठेवलं होतं, बाहेर पत्ता लागू दिला नव्हता. जत्रा झाली की सासरची माणसं येऊन तिला घेऊन जाणार होती. तसं ठरलंच होतं.

तिचा भाऊ बळीराम कुस्त्यांच्या फडावर होता. तो तिथून तडक मंडपात आला आणि काही न विचारता माझ्या कानाखाली दिली.

"माझ्या बहिणीचं नाव भोंग्यावर घ्यायलास? काय संबंध रे तुझा?"

"मी न्हाई घेतलं! आईशप्पथ... मी सोनाबाई म्हणलो!"

"मग आमी सगळे बहिरे हाव का?"

मी रहीमभाईंकडे हात केला. ते काही बोलायला गेले, पण त्यांचं कोण ऐकतंय? दुसरी बसली. तिसरी. लोक बघत होते, ज्यांच्या लग्नात मी मंगलाष्टकं म्हटली होती तेच लोक. आबाही आले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तेवढ्यात गर्दीतून दादा पुढे आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आबांच्या पायांवर ठेवली, आणि वाकूनच राहिले.

"पोरगं चुकलं, आबा. पदरात घ्या."

"दादा, मी न्हाई म्हणलो..."

"गप बस," दादा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मार तर केव्हाच विसरलो. दादांच्या पाठीवरचा, घामाने चिकटलेला तो सदरा मात्र अजून दिसतो.

आबांच्या घरातला गडी धावत आला आणि सगळ्यांसमोर बोलून बसला, "कुशाबाई घरात न्हाईत!" बळीरामचा चेहराच उतरला. चार माणसं गावाकडे पळाली, चार ओढ्याकडे. पण ती स्वतःच आली. आबांच्या मळ्याकडून येणाऱ्या गाडीवाटेने, एकटी, पाय घोट्यापर्यंत धुळीत. सरळ मंडपापर्यंत चालत आली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि भावाच्या पुढे होऊन घराकडे निघून गेली. कुणी तिला अडवलं नाही.

ते एकदा बघणं पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत गावाने गोष्ट तयार केली — पंडितचं आणि तिचं आधीपासून काहीतरी असणार, उगीच का नाव घेईल? सासरच्यांनी त्या बोभाट्यावर तिला न्यायला नकार दिला. आबांनी तिला सेलूला मामाकडे पाठवलं. माझी एक सोयरीक जमत आली होती, ती मोडली.

दुसऱ्या दिवशी रहीमभाई सायकलवर घरी आले. ओसरीवर बसलेसुद्धा नाहीत. जत्रेतला कार्यक्रम ते कॅसेटवर उतरवून घेत, ती कॅसेट त्यांनी आणली होती. आमच्या टेपवर लावली. पालमहून आलेल्या सोनाबाई... वाट पाहत आहे... बटणाचा टक्... आणि मागून बारीक, घुमत, "कुशावर्ता... माघारी ये..."

"फीत जुनी असली की मागचं पुसत न्हाई, मग जुनाच आवाज वर येतो," रहीमभाई म्हणाले. "पण ती फीत मी सकाळीच नवी कापून जोडली व्हती, भाऊ. कोरी. रात्री मशीन सगळं खोललं. काई समजंना." मग कॅसेट माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे कुनाला ऐकवू नका. आवाज तुमचा हाय. तुमच्याच गळ्यात येईल."

खरंच होतं ते. माझ्या बाजूचा एकमेव पुरावा माझ्याच विरुद्ध होता. म्हणून दादांनाही कधी ऐकवला नाही. मी परभणीला निघून आलो, एका दुकानात लागलो, पुढे स्वतःचं टाकलं, संसार झाला. माईक पुन्हा हातात घेतला नाही. दादा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी कधी एक शब्दही बोलले नाहीत. पोरानेच नाव घेतलं असं समजूनच ते गेले.

मी मनात एक राग धरून होतो. कुणावर? यंत्रावर, गावावर... आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही. तिच्या नावापायी माझ्या बापाची टोपी खाली गेली, असं मी स्वतःशी म्हणत असे.

काही वर्षांपूर्वी सेलूला एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर एक चष्मा लावलेली बाई समोर येऊन उभी राहिली. केस पांढरे, हातात पर्स.

"ओळखलं का, पंडितभाऊ? मी कुशावर्ता."

तिनेच खुर्ची ओढली. मामाकडे राहून नर्सिंगचं शिकली, सरकारी दवाखान्यात नोकरी केली, पुन्हा लग्न केलं, एक मुलगी आहे, असं सगळं भराभर सांगून टाकलं.

"तुमाला लय त्रास झाला माझ्यापायी. तुमच्या दादांची टोपी... मला नंतर कळलं. माफी मागायची व्हती, हिंमत झाली न्हाई."

"जाऊ द्या हो," मी म्हटलं.

"जाऊ द्या कसं? त्या दिवशी सगळे जत्रंला गेले आन् मी मागच्या दारानं मळ्यातल्या विहिरीवर गेले. काठावर बसले व्हते. कशाला बसले व्हते ते तुमाला कळतंय. घरात आठ दिवस एकच ऐकायले व्हते, तुझंच चुकलं, तूच सोसायचं व्हतंस. आई म्हणायची, भाऊ म्हणायचा, आबा तर बोलतच नव्हते. आन् भोंग्यातून तुमचा आवाज आला." ती चष्मा पुसायला लागली. "तुमी ते म्हणलात म्हणून मी उठले, भाऊ."

"काय म्हणलो मी?"

"असं काय इचारता? 'कुशावर्ता, तुझी काई चूक न्हाई. माघारी ये.'"

मधलं वाक्य कॅसेटमध्ये नाही. मंडपात कुणी ते ऐकलं नव्हतं, नाहीतर बळीरामने मला तिथेच गाडला असता.

"अख्ख्या गावात तेवढं एक माणूस म्हणालं मला," ती म्हणाली.

तिथे मी सांगायला हवं होतं की बाई, ते मी म्हटलं नाही. मला तुमच्याबद्दल काही माहीत नव्हतं. आणि माहीत असतं, तर मीही आबांच्या ओसरीवर बसून मान डोलावली असती, बाईच्या जातीनं थोडं सोसावं, असंच काहीतरी म्हटलं असतं. तेव्हा मी तसाच होतो. पण तेवढ्यात तिची मुलगी आली आणि ती तिला म्हणाली, "पाया पड. मी सांगत व्हते ना, ते हे मामा." पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझं तोंड उघडलंच नाही.

घरी येऊन कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकली. मधुराला दिली. तिने कॉम्प्युटरवर चढवून, खरखर काढून, आवाज वाढवून ऐकलं. ती म्हणाली, "नाव आहे असं वाटतं काका... पण तुम्ही आधी सांगितल्यामुळे वाटतं का, ते मला सांगता येणार नाही. मध्ये दुसरं वाक्य मात्र नाही." ते वाक्य तुमच्यापैकी कुणाच्या कानाला लागतं का, हे बघायला मी ती क्लिप इथे टाकली होती. वाक्य राहू द्या, नावही तुमच्यापर्यंत आलं नाही.

कोऱ्या फितीवर ते नाव कुठून आलं, माझ्या आवाजात कोण बोललं, आणि मंडपातल्या शेकडो लोकांना जे ऐकू आलं नाही ते तिला एकटीला विहिरीवर कसं ऐकू आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी म्हणेल तिच्या मनाचे खेळ. असतीलही. पण मग नावाचं काय?

तेव्हापासून दर दिवाळीला तिचा फोन येतो, "भाऊ, या." मी सेलूला जातो. ती पाट मांडते, कुंकू लावते, ओवाळते. दर वर्षी ठरवून जातो की या खेपेला खरं सांगायचं. ताट समोर येतं, तिच्या चेहऱ्यावर निरांजनाचा उजेड पडतो... आणि माझी मान काही वर होत नाही. तिला वाटतं, भाऊ भिडस्त आहे.