पाहुणीला पळवणारी सून

कुसुमवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. गालावरचा फेस सुकेपर्यंत तसाच बसून राहिलो... आणि खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. तिची आठवण यायची ती अशीच, हसवत.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. थोरल्या भावाला तिथे नोकरी लागली आणि आम्ही भंडाऱ्याहून क्वार्टरमध्ये आलो. वहिनी नागपूरची. तिचे वडील तिथल्या एका क्लबात टेनिसचं कोर्ट राखायचे. साहेब घरी गेले की लेकीला खेळवायचे. भिलाईत रशियन इंजिनिअरांसाठी कोर्ट झालं तशी वहिनी पदर खोचून तिथे उतरली. तिला नागपूरच्या स्पर्धेला जायचं होतं. पण घरात हुकूम मायचा, म्हणजे आमच्या आईचा. "आधी माह्या डोळ्यानं पाहीन, मंग सांगीन," माय म्हणाली.

सामना नीनाबाईशी. ही एका रशियन इंजिनिअरची बायको, आदल्याच दिवशी आमच्याकडे भजी खाऊन गेलेली. वहिनीने पहिलाच चेंडू कोपऱ्यात मारला. नीनाबाई धावली, पोचली नाही. माय ताडकन उभी!

"अवं कुसुम, पाहुणीले काहून पळवून राहिली? तिच्या हातात दे नं!"

झालं! जोरात मारावं तर माय रुसणार, न मारावं तर हरणार. नागपूर दोन्हीकडून बुडालं. बिचारी वहिनी ताटात पोळी वाढावी तसा चेंडू अलगद नीनाबाईपुढे ठेवू लागली. पहिला सेट गेला.

नीनाबाईला मराठी कुठे कळत होती! ती वहिनीला बिनदिक्कत या टोकाहून त्या टोकाला पळवत होती. वहिनी पडली, कोपर सोलवटलं... आणि माय गरजली, "आमची भजी खाऊन आमच्याच सुनेले पळवते? कुसुम, आता सोडू नको इले!"

मग काय विचारता! वहिनी जिंकली. नागपूरला माय स्वतः सोबत गेली. पुढे वहिनी विदर्भाची विजेती झाली, भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीतल्या मुलींना शिकवू लागली. एखादा बाप आडवा आला की माय त्याच्या दारात जाऊन बसायची. मुलगी खेळायला निघाल्याशिवाय उठायची नाही.

परवा भावाच्या घरी गेलो होतो. संध्याकाळी वहिनीच्या सुनेने गॅसवर भात ठेवला, बूट घातले, वहिनीची रॅकेट उचलली.

"काकाजी, भात झाला का गॅस बंद करजा," मला बजावून ती निघाली. कोणाची परवानगी नाही, काही नाही.

मी मुकाट्याने भातापाशी उभा राहिलो.