सहाव्या दहातली चार

मृत्यूपुढे सगळे हुद्दे सारखे असतात. नोकरीत आणि नोकरीनंतरही हे वाक्य मी पुष्कळ व्यासपीठांवरून ऐकलं आहे. म्हणणारे साहेब बहुतेक वेळा सोफ्यावर असतात आणि आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. गेल्या ऑक्टोबरात अंधेरीला, मरोळच्या गावठाणात ते पुन्हा ऐकलं. नाईक फेलिक्सच्या नावाच्या संगमरवरी फलकाचं अनावरण होतं. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला. फलकावर 'शहीद कॅप्टन फेलिक्स' असं कोरलेलं होतं.

टाळ्या झाल्या. फेलिक्सला जिवंतपणी नाईकाच्या दोन फिती मिळवायला बरीच वर्षं लागली होती.

मी त्याच्या कंपनीत हवालदार होतो, पोस्टवरचा रेडिओ ऑपरेटर. आता नाहूरला राहतो आणि पवईतल्या एका ऑफिस कॉम्प्लेक्सची सिक्युरिटी बघतो. आमंत्रण फेलिक्सचा मोठा भाऊ आल्बर्ट याने दिलं होतं. फलकाचा खर्चही त्याचाच. हॉलमधला पाण्याचा कुलर त्याचा, देवळातली नवी बाकं त्याची, दर रविवारी गावठाणातल्या म्हाताऱ्यांना जेवण तेही त्याचं. इथले लोक चर्चला देऊळच म्हणतात. देवळातले फादर त्याला एकदा म्हणाले होते, "आल्बर्ट, देव काँट्रॅक्टर नाही रे." त्यावर आल्बर्टने देवळाला पंखे दिले.

आमची पोस्ट उत्तरेला होती, वर्षाचे बरेच महिने बर्फात. आम्ही बारा-तेरा जण. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहायचं, मग बर्फ उपसायचा, केरोसीनचे जेरीकॅन वाहायचे, दर तासाला रेडिओ चेक द्यायचा. मुंबईचे आम्ही दोघंच. मी घाटकोपरच्या चाळीतला, वडील गिरणीत होते, मूळ गाव कणकवलीकडे. तो मरोळचा ईस्ट इंडियन, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा ख्रिश्चन. हिंदी बोलून जीभ दमली की आम्ही एकमेकांना मराठीत शिव्या देऊन विश्रांती घ्यायचो.

मी देवाधर्मातला नाही. घरी गणपती येतो, मी टाळ वाजवतो, तेवढाच आमचा परिचय. फेलिक्स मात्र रोज संध्याकाळी लाकडी मण्यांची माळ घेऊन बसायचा. आवाज नाही, फक्त ओठ हलायचे. मध्ये कोणी हाक मारली तर एक बोट वर करायचा. थांबा. एकदा त्याने मेजरसाहेबांना बोट दाखवलं आणि आठवडाभर जादा जेरीकॅन वाहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवलं. साहेबांनी नाद सोडला. ती माळ किती मण्यांची, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या डोक्यात माळ म्हणजे एकशे आठ.

माणूस चांगला होता. आपली सुट्टी एका जवानाला देऊन टाकली, कारण त्याची बायको बाळंत होणार होती. आजारी पडलेल्याला पाठीवर घेऊन खाली उतरवलं. एकदा मी त्याला डिवचलं, तुझं स्वर्गाचं तिकीट कन्फर्म झालंय, माझ्यासाठी पण एखादी वेटिंग लाव.

"तसं नसतं तावड्या," तो म्हणाला. "कामं केली म्हणून माफी मिळत नाही. माफी फुकट असते."

"मग झकास की."

"झकास कसलं. जी फुकट घेतोस ती पुढे फुकट द्यावी लागते. तिथेच वांधा आहे."

वांधा म्हणजे आल्बर्ट. वडिलोपार्जित घराची अर्धी बाजू, पुढच्या अंगणासकट, आल्बर्टने फेलिक्सला न विचारता बिल्डरला देऊन टाकली होती. अंगणात आजोबांनी बांधलेला क्रूस होता. फेलिक्स सुट्टीवर गेला तेव्हा त्या जागी पत्र्याचं कुंपण होतं. त्यानंतर तो भावाशी बोलला नाही. आणि ज्याने भावाला माफ केलं नाही त्याने देवासमोर कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून देवळात मागच्या बाकावर बसायचा, प्रसादाला पुढे जायचा नाही. मी म्हटलं, मग कर की माफ, विषय संपव. तो म्हणाला, "येत नाही रे आतून. खोटं म्हणून काय उपयोग?"

मी स्टोव्हला पंप मारला.

त्या दिवशी हवा चांगली होती. पुढच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली, चार जण. रेडिओ सेट फेलिक्सकडे होता.

"अल्फा वन, रिपोर्ट सिग्नल, ओव्हर."

"अल्फा वन, ओके, ओव्हर."

हे आमचं शेवटचं बोलणं. यात पुढच्या पिढ्यांना सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी उतार घसरला. आवाज आधी आला की बर्फ आधी दिसला, यावर आम्ही पोस्टवरचे लोक नंतर कधीच एकमत होऊ शकलो नाही. तिघं बाजूला फेकले गेले आणि उठले. फेलिक्स दिसेना. मेजरसाहेब सर्च पार्टी घेऊन उतरले. मी सेटवर बसून हाका मारत राहिलो. फक्त खरखर.

मग खरखर थांबली, आणि टक.

सेटवर बोलताना एक बटण दाबावं लागतं, त्याला प्रेसल म्हणतात. कोणी न बोलता नुसतं दाबलं तर समोरच्याला खरखर तुटल्यासारखी वाटते. आवाज गेला असेल तर एवढ्यावरही बोलता येतं. मी म्हटलं, "अल्फा वन, ऐकू येत असेल तर दोनदा दाब, ओव्हर."

टक. एकदाच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

मी पुन्हा विचारलं. तीच चाल. घाई नाही, उत्तर नाही. मी जे विचारत होतो त्याच्याशी त्या आवाजाचा काही संबंधच नव्हता. ऑपरेटरला जे ऐकू येईल ते मोजायची सवय असते. दहा झाले आणि मोठी गॅप पडली. मग परत दहा. परत गॅप. मी साहेबांना कळवलं. साहेबांचा आवाज धापा टाकत आला, "दहाचा कुठला कोड आहे का?"

"नाही साहेब."

"मग काय आहे?"

"माहीत नाही साहेब."

पाच वेळा दहा झाले. नंतरची गॅप सगळ्यांत लांब होती. मला वाटलं संपलं. खाली सळ्या खुपसून शोध चालू होता, मला दुर्बिणीतून माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. आणि पुन्हा सुरू झालं. एक. दोन. तीन. चार.

पाचवा आला नाही.

उजेड असतानाच त्यांनी फेलिक्सला बाहेर काढलं. सेट छातीशी होता, हात त्यावर. खाली डॉक्टरसाहेबांनी तपासून सांगितलं की मानेचं हाड तुटलं होतं, बर्फाने आपटलं त्याच क्षणी गेला असणार. मी त्यांना टकटक सांगितली. ते म्हणाले, वर ऑक्सिजन कमी असतो, तुम्हीही जरा आराम करा. त्यानंतर मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. जे मेलेला माणूस करू शकत नाही आणि करायला तिथे जिवंत कोणी नव्हतं, ते सांगून काय करणार?

फलकाचा समारंभ उरकल्यावर आल्बर्ट मला घरी घेऊन गेला. उरलेलं अर्धं घर. खिडकीला लागून त्या बिल्डरच्या इमारतीची भिंत, त्यामुळे दिवस असूनही ट्यूबलाइट चालू होती. फेलिक्सची आई आग्नेस, सगळं गावठाण तिला आग्नेसमाय म्हणतं. तिने फुगे आणि चहा पुढे केला. फुगा म्हणजे त्यांची तळलेली गोल पोकळ पोळी. मी खाताना ती माझ्याकडे बघत होती.

"एक विचारू? खरं सांगशील?"

मी हो म्हटलं.

"आधी प्रार्थना होऊ दे," ती म्हणाली. "मग विचारते."

ऑक्टोबर त्यांचा रोजरीचा, म्हणजे माळ म्हणण्याचा महिना. शेजारच्या तीन-चार बायका आल्या, मूर्तीपुढे मेणबत्ती लागली. मी कोपऱ्यात खुर्चीवर. आग्नेसमाय सुरुवात करायची, बायका पुरी करायच्या. "नमो मरिये, कृपापूर्णे..." आणि शेवटी, "आम्हां पापी जनांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर." प्रत्येक वेळी तेवढाच वेळ. माझा अंगठा गुडघ्यावर काहीतरी दाबत होता. कधीपासून, ते मला कळलं नाही.

दहा झाल्या. मग एक वेगळी, लांब प्रार्थना. मग परत दहा.

ती गॅप मला ओळखीची होती. मी खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो, कारण तिच्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

पाच वेळा दहा झाल्या. बायका उठल्या, क्रूस करून निघाल्या. आग्नेसमाय उठली नाही. आल्बर्ट दरवाज्याच्या चौकटीत जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडे. आणि तिने एकटीने सहावी सुरू केली.

एक. दोन. तीन. चार. मी थांबण्याची वाट बघत होतो. ती थांबली नाही. पाचवी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दहा पुऱ्या झाल्यावर तिने मला सांगितलं. दोघं भाऊ लहानपणी भांडले की तिचा घरचा नियम होता: ज्याचं वाईट झालं त्याने पाचानंतर सहावी दहा दुसऱ्यासाठी म्हणायची. म्हटली की भांडण मिटलं, पुन्हा विषय काढायचा नाही. मार खाल्लेल्याने म्हणायची, मारणाऱ्याने नाही. बाकीच्या घरांत असलं काही नव्हतं, तिनेच काढलेलं. क्रूस गेल्यावर फेलिक्सने ती म्हणायचं सोडलं. शेवटच्या फोनवर तिने विचारलं होतं, आल्बर्टची दहा म्हटलीस का? तो म्हणाला, पाच होतात, सहावी निघत नाही.

"म्हणून आता त्याच्या वतीने मी म्हणते. पण ते माझं झालं," ती म्हणाली. "त्याने मनातून सोडलं का शेवटी? का तसाच गेला? सोडलं नसेल तर त्याला तरी कोण सोडणार? तू सेटवर होतास. काही बोलला?"

मी हो म्हणू शकलो असतो. चांगलं काम ठरलं असतं, आणि आल्बर्टच्या कुलरपेक्षा स्वस्त. पण फेलिक्सचंच वाक्य आडवं आलं: खोटं म्हणून काय उपयोग? मी म्हटलं, "बोलला नाही, माय." आणि मग सगळं सांगितलं. टकटक सांगितली, पाच वेळा दहा सांगितल्या, लांब गॅप सांगितली, चार सांगितल्या. डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं, तेवढंच स्पष्ट.

आल्बर्ट वळला.

"चारच?"

"चारच."

"म्हणजे पुरी नाही केली."

"डॉक्टर तिथे होता का?" आग्नेसमायने मला विचारलं.

"नव्हते. खाली आणल्यावर बघितलं त्यांनी."

"मग तो काय सांगणार." तिने माळ आल्बर्टपुढे धरली. "त्याने सुरू केली ना. उरलेली सहा तू म्हण."

"मी कशी म्हणू? नियम उलटा आहे, माय. मार खाल्लेल्याने म्हणायची."

"बस खाली."

पन्नाशी उलटलेला, सफारी घातलेला माणूस आईसमोर फरशीवर बसला. शब्द विसरला होता. देवळाला पंखे देणाऱ्या माणसाला 'कृपापूर्णे'च्या पुढचं आठवेना. ती एकेक शब्द सांगत गेली, तो म्हणत गेला. पाच. सहा. सात. मी कोपऱ्यात बसून मोजत होतो. दहा झाल्यावर तो तिथेच बसून राहिला. ट्यूबलाइटची घरघर तेवढी होती, आणि मला ती थांबायला नको होती.

निघताना आल्बर्ट गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. फलकावर नाईक करून घेतो म्हणाला. अजून केलेलं नाही. नवा दगड लागेल म्हणतात.

नाईक फेलिक्स, मरोळ. स्वयंपाक बरा करायचा, गाणं भयंकर म्हणायचा, आणि अर्धवट काही सोडायचा नाही. त्याची आठवण आली की ते वर केलेलं एक बोट दिसतं. थांबा.

त्याचा सेट मी स्वतः तपासणीला पाठवला होता. थंडीत बटण आपोआप दाबलं जाऊ शकतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. महिन्याभराने परत आला. सोबत चिठ्ठी होती: नो फॉल्ट फाउंड.

आमच्या वर्कशॉपमधून प्रत्येक सेट याच चिठ्ठीसोबत परत येतो.